पांढरं पान आणि सर्व्हरचा पंचनामा

या वेळच्या टपालात पीएचपीच्या, म्हणजे वेबसाइटांचे प्रोग्राम लिहायच्या भाषेच्या, मेमरीची चार पत्रं निघाली. मार्चएंड जवळ आला की हे ठरलेलंच. वर्षभर पाच-पन्नास ओळी दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे एकदम अख्ख्या वर्षाचा हिशेब मागितला जातो आणि तो मान टाकतो. तासगावचं पत्र सगळ्यांत सविस्तर आहे, म्हणून जागाही त्यालाच जास्त गेली. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न: ताई, नमस्कार. तासगावात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. त्याचं सॉफ्टवेअर पुतण्यानं कॉलेजात असताना पीएचपीत लिहून दिलं. तो आता पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही. लॉट कधी आला, बॉक्स किती, कुठल्या चेंबरला, सौद्याला कधी काढला, भाडं किती झालं, सगळं त्यात आहे. 'स्टॉक रजिस्टर एक्सेलमध्ये' असं एक बटण आहे. दिवाळीपासून ते दाबलं की नुसतं पांढरं पान येतं. लॉगमध्ये 'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड' अशी ओळ होती. नेटवर बघून मेमरी लिमिट १२८ एमबीचं ५१२ केलं, तरी तेच. मग १ जीबी केलं. तेव्हा एकदा रजिस्टर निघालं, आम्ही पेढे वाटले. पण गेल्या आठवड्यात दिवाणजींनी बटण दाबलं आणि सगळं सॉफ्टवेअरच बंद पडलं. डेटाबेसशी संपर्क होत नाही, असं म्हणायला लागलं. पीएचपीच्या लॉगात मात्र आता काहीच येत नाही. सर्व्हर भाड्याचा, २ जीबी मेमरीचा आहे. आमचा डेटाबेस खराब झालाय का? — एक बेदाणा व्यावसायिक, तासगाव

उत्तर: दादा, डेटाबेस धडधाकट आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्याला झाली, एवढंच. कशी, ते सांगते.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे मृत्यू झालेत आणि तुम्ही ते एकाच खात्यावर टाकलेत. दिवाळीनंतरचा पहिला. त्यातला १३४२१७७२८ हा आकडा पाठच करून ठेवा. १२८ ला १०२४ नं दोनदा गुणलं की तो येतो. म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची मूळची मर्यादा. इथे स्क्रिप्टला पीएचपीनं स्वतःच थांबवलं. कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर थांबवलं, हेही लिहून ठेवलं. हा सभ्य मृत्यू. फक्त एक लक्षात ठेवायचं: ज्या ओळीचं नाव येतं ती शेवटचा घास मागणारी असते. ताट आधीच दुसऱ्या कुणीतरी संपवलेलं असतं. तुमचा पुतण्या त्या ओळीत तासभर चूक शोधत बसला असेल तर त्याला सापडणार नाही.

दुसरा मृत्यू गेल्या आठवड्यातला. त्यात पीएचपीचा लॉग कोरा आहे, आणि तो कोरा असणं हीच मोठी साक्ष आहे. पीएचपीला लिहायला सवड मिळाली नाही याचा अर्थ त्याच्यावर किंवा त्याच्या शेजाऱ्यावर बाहेरून घाव पडला. लिनक्समध्ये सगळ्या मशीनची मेमरी संपत आली आणि कुठूनच सोडवता आली नाही, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका चालू प्रोग्रामला निवडतो आणि जागीच मारतो. त्याची नोंद पीएचपीकडे नसते. ती कर्नलच्या वहीत असते. सर्व्हरवर 'डीमेसेग' ही आज्ञा 'उणे टी' (कॅपिटल टी) लावून चालवलीत की तारखेसकट सगळी वही समोर येते. त्यात 'आउट ऑफ मेमरी' आणि 'किल्ड प्रोसेस' हे शब्द शोधा, पुढे मेलेल्याचं नाव असतं. तुमच्याकडे तिथे 'मायएसक्यूएलडी' निघालं. म्हणजे डेटाबेसच.

हे सगळं लिहिण्याआधी मी फोनवर तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या होत्या, त्या वाचकांसाठी इथे देते. रजिस्टरात ओळी किती? २६,०००. रकाने किती? १८. आणि दिवाणजींनी बटण किती वेळा दाबलं? यावर तुम्ही फोन बाजूला धरून त्यांनाच विचारलंत. मागून आवाज आला, "पान पांढरंच हुतं म्हणून चारदा दाबलं." सगळा उलगडा त्या 'चारदा'त आहे.

आता हिशेब मांडू. पुतण्यानं एक्सेल बनवायला पीएचपीस्प्रेडशीट ही लायब्ररी वापरली आहे. चांगली आहे, पण सगळं पत्रक मेमरीत उभं करते, आणि ६४ बिटांच्या पीएचपीवर दर चौकटीला सरासरी १.६ केबी लागतात असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. २६,००० गुणिले १८ म्हणजे ४,६८,००० चौकटी. गुणिले १.६ केबी, म्हणजे ७३० एमबीच्या आसपास. म्हणून १२८ ला मेलं, ५१२ लाही मेलं आणि १ जीबीला निघालं. पेढे वाटलेत ते चुकीच्या वेळी नव्हे, पण जरा घाईनं.

मग आला तो दिवस. दिवाणजींनी बटण दाबलं. एक्सेल तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर पीएचपी ब्राउझरकडे एक अक्षरही पाठवत नाही. त्यांना वाटलं अडकलं, त्यांनी परत दाबलं. इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते: पान बंद केलं किंवा पुन्हा उघडलं तरी सर्व्हरवर आधीचं काम थांबत नाही. समोरचा निघून गेलाय हे पीएचपीला तेव्हाच कळतं, जेव्हा ते त्याला काहीतरी द्यायला जातं. एक्सेल पुरी होईपर्यंत द्यायचंच काही नसतं. त्यामुळे चार वेळा दाबलं म्हणजे एकाच रजिस्टरावर चार जण शेजारी-शेजारी बसून राबायला लागले.

प्रत्येकाचं काम निम्म्यावर आलं, ३५० एमबीच्या घरात गेलं, असं धरा. चौघांचे १,४०० झाले. मायएसक्यूएल ५०० खाऊन बसलेलं. बाकी लिनक्स, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वगैरे मिळून दीडशे. बेरीज २,०५०. मशीन २,०४८ चं! कर्नल कुणाला मारायचं हे ठरवताना प्रामुख्यानं एकच बघतो, सगळ्यांत जास्त मेमरी कुणाकडे आहे. चौघे प्रत्येकी ३५० वाले, मायएसक्यूएल एकटं ५०० वालं. चोर चार आणि प्रत्येकाच्या हातात थोडं थोडं; सावकार एकटाच, पण तिजोरी मोठी. गोळी सावकाराला. म्हणून कर्नलच्या वहीत ज्याचं नाव सापडेल त्यालाच गुन्हेगार धरू नका. त्याच नोंदीच्या वर, त्या क्षणी कोण किती खात होतं याचा तक्ता दिलेला असतो. त्यात 'पीएचपी-एफपीएम' (पीएचपीची कामं चालवणारा प्रोग्राम) चार वेळा दिसतं का, ते बघा.

पावसाळ्यात आपण सांगलीकर सकाळी उठल्या उठल्या काय विचारतो? "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती. ४० ला इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती सोडलं, वारणेला किती आलं, हे आकडे वेगवेगळे असतात, पण घरात पाणी शिरायचं की नाही हे पुलाखालचा एकच आकडा ठरवतो. मेमरी लिमिट हा धरणाच्या एका दरवाज्याचा आकडा आहे. ती दर प्रोसेसला स्वतंत्र लागते, सगळ्यांना मिळून नाही. तुमच्या एफपीएमच्या फाइलीत 'पीएम मॅक्स चिल्ड्रन' (एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) ५ आहे, मूळचं असतं तेवढंच. म्हणजे ५ दरवाजे, प्रत्येकी १ जीबी सोडायची परवानगी, आणि नदीची ताकद २ जीबीची. रोज पूर येत नाही तो केवळ रोज पाचही दरवाजे उघडत नाहीत म्हणून.

मर्यादा वाढवणाऱ्यांना हसायचा मला अधिकार नाही, कारण मी स्वतः याहून मोठा उद्योग करून ठेवलाय. २०११ चा गळीत हंगाम. एका साखर कारखान्याच्या ऊस बिलांचं काम माझ्याकडे होतं. पंधरवड्याचा रिपोर्ट निघेना, रात्रीचा एक वाजलेला, सकाळी बँकेत यादी जायची. मी मेमरी लिमिट केलं उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही. रिपोर्ट निघाला. मी घरी जाऊन झोपले आणि ते उणे एक तिथेच राहिलं. तीन दिवसांनी कुणीतरी तारीख न टाकता तोच रिपोर्ट उघडला आणि स्क्रिप्ट सगळा हंगाम गिळायला बसली. मशीन मेलं नाही. मेलं असतं तर बरं झालं असतं, दोन मिनिटांत उठवलं असतं. त्याला भरपूर स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, दिलेलं होतं, त्यामुळे ते डिस्कवर सरपटत राहिलं, आणि त्याच मशीनवर काट्याच्या पावत्या निघत होत्या. एकेक पावती दहा-दहा मिनिटं. मी पोचले तेव्हा काट्यापासून फाट्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते. काट्यावरच्या पोरानं कार्बन घालून हातानं पावत्या फाडायला सुरुवात केली होती, बैलगाडीवाले माझ्याकडेच बघत होते. त्यांना कुणी सांगितलं असेल कोण जाणे. तेव्हापासून मी उणे एक लिहिलं की टेबलावरच्या घड्याळाला गजर लावते.

आता तुम्ही काय करायचं ते. मर्यादा परत १२८ वर आणा. आजच. मग रजिस्टर काढायची रीत बदला. सध्या पुतण्या 'फेच ऑल'नं २६,००० ओळी एकदम उचलतो, त्यांची यादी करतो, यादीचं पत्रक करतो आणि मग ते पाठवतो. चेंबर रिकामा करायचा म्हणून सगळे बॉक्स आधी अंगणात मांडून ठेवल्यासारखं. त्याऐवजी एक ओळ डेटाबेसमधून घ्यायची, ती लगेच फाइलीत लिहायची, विसरून जायचं, पुढची घ्यायची. पीडीओच्या, म्हणजे पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्याच्या, जोडणीत मायएसक्यूएलची 'बफर्ड क्वेरी' ही सोय बंद करावी लागते, नाहीतर तुम्ही एकेक ओळ मागत असलात तरी आतल्या आत सगळा निकाल आधीच मेमरीत आलेला असतो. हे न केल्यामुळे 'एकेक ओळ करून पाहिली, फरक पडत नाही' म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. मात्र बफर बंद असताना त्या जोडणीवर मधेच दुसरी क्वेरी चालत नाही. दर लॉटमागे शेतकऱ्याचं नाव वेगळ्या क्वेरीनं आणत असाल तर ते जॉइननं, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून, एकाच क्वेरीत घ्या.

लिहायला सगळ्यांत सोपी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर. 'एफपुट सीएसव्ही' हे फंक्शन एकेक ओळ लिहितं आणि २६ हजार काय, २६ लाख ओळींनाही मेमरी तेवढीच राहते. पण मराठी नावं एक्सेलमध्ये उघडली की डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात, ही तक्रार येणारच. फाइलीच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लिहा. ते बघून एक्सेलला कळतं की मजकूर यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातला आहे, आणि नावं सरळ दिसतात. दुसरी खोड लॉट नंबरची. '००४५' चं एक्सेल '४५' करून टाकतं. तुमचे लॉट नंबर शून्यानं सुरू होतात असं फोनवर कळलं, तेव्हा तुम्हाला खरी एक्सेल फाइलच लागेल. त्यासाठी ओपनस्पाउट नावाची लायब्ररी आहे. ती ओळीमागून ओळ लिहीत जाते, पत्रक मेमरीत साठवत नाही. रंगरंगोटी आणि सूत्रं पीएचपीस्प्रेडशीटएवढी जमत नाहीत. स्टॉक रजिस्टराला ती हवीत कशाला?

पुतण्या फोन उचलेपर्यंतची तात्पुरती सोय अशी: एफपीएममध्ये रिपोर्टांसाठी वेगळा 'पूल' करा, म्हणजे प्रोसेसचा वेगळा गट, नदीवरचा पूल नव्हे. त्या पुलाला मेमरी लिमिट १ जीबी, पण मॅक्स चिल्ड्रन १. मग दिवाणजींनी चारदा काय, चाळीसदा बटण दाबलं तरी एका वेळी एकच रजिस्टर तयार होईल, बाकीचे रांगेत थांबतील आणि मायएसक्यूएलच्या वाट्याला कुणी जाणार नाही. एनजिनएक्समध्ये रिपोर्टांचा पत्ता त्या पुलाकडे वळवायला दोन-तीन ओळी पुरतात, सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याला सांगा, करून देईल. १ जीबीचं स्वॅपही लावून ठेवा, म्हणजे अचानक भार आला तर जागच्या जागी मरणार नाही. स्वॅपला औषध मात्र समजू नका. वर बैलगाड्यांची गोष्ट सांगितलीच आहे. आणि दिवाणजींना बटणावर 'तयार होत आहे, थांबा' असं काहीतरी दिसू द्या. दाबल्यावर ते बटण फिकं होऊ दे. त्यांची यात काहीच चूक नाही. पांढरं पान दिसलं की मीही परत दाबते.

प्रश्न: मिरजेत आमचा सतार-तंबोऱ्यांचा व्यवसाय आहे. वर्डप्रेसवर वेबसाइट आहे. जुन्या मोबाइलचे फोटो चढत होते. मुलीनं नवा मोबाइल घेतला, त्याचे भोपळ्यावरच्या नक्षीचे फोटो इतके सुंदर येतात, पण एकही चढत नाही. सर्व्हर बिझी आहे किंवा त्याची ताकद पुरत नाही, लहान फोटो टाका, २५६० पिक्सेलपर्यंतचा, असा इंग्रजी संदेश येतो. फोटो तर अवघा ९ एमबीचा आहे आणि अपलोडची मर्यादा ६४ एमबी करून घेतलीय. मग अडतंय कुठे? — एक तंतुवाद्य कारागीर, मिरज

उत्तर: काका, ९ एमबी हे घडी घातलेल्या साडीचं माप आहे. सर्व्हरला ती पसरावी लागते.

जेपीईजी म्हणजे दाबून बसवलेला फोटो. त्याची लहान प्रत काढायची तर आधी तो पूर्ण उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर फाइलीचं वजन विसरायचं, फक्त पिक्सेल मोजायचे. मुलीच्या मोबाइलवर ५० मेगापिक्सेलची सेटिंग चालू आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुना फोटोची लांबी-रुंदी ८१६० गुणिले ६१२० निघाली, म्हणजे ४,९९,३९,२०० पिक्सेल. जीडी ही पीएचपीची चित्रांची लायब्ररी दर पिक्सेलला ४ बाइट मेमरी घेते. झाले १९० एमबी. एका फोटोला. आणि वर्डप्रेस त्याच्या एका प्रतीवर थांबत नाही. १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ आणि वर २५६० ची अशी मालिकाच काढतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेलची सेटिंग बंद करून नेहमीची १२ मेगापिक्सेलची ठेवा. मग तोच फोटो ४०८० गुणिले ३०६० होईल आणि उलगडल्यावर ४८ एमबीत बसेल. वेबसाइटवर बघणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसणार नाही. नक्षीची नस न् नस हवी असेल तर मोठा फोटो ठेवा घरच्या कॉम्प्युटरवर, आणि २५६० चा करून चढवा. सर्व्हरशी झटापट करण्यात काही राम नाही.

आता बारकावा, तुमची साइट सांभाळणाऱ्या मुलासाठी. काही सर्व्हरवर जीडीऐवजी इमॅजिक असतं. ते जी मेमरी खातं ती पीएचपीच्या हिशेबात येतच नाही, त्यामुळे मेमरी लिमिट ४० असो की ४००, ते आडवं येत नाही. डेबियन-उबंटू या लिनक्सांवरच्या जीडीचंही तसंच, कारण ती बाहेरची सिस्टिम लायब्ररी वापरते. अशा ठिकाणी पीएचपीची तक्रार न येता थेट कर्नलचा घाव बसतो. वरचं तासगावचं उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये पतसंस्थांच्या शाखांची उतरंड दाखवतो. एका शाखेचं पान लॅपटॉपवर उघडलं की 'मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ' असं काहीतरी दाखवून थांबतं, पण कॉलेजच्या सर्व्हरवर टाकलं की सरळ ५०२ बॅड गेटवे येतं. एफपीएमच्या लॉगात 'एक्झिटेड ऑन सिग्नल ११' आहे. सर म्हणतात मेमरी वाढव. वाढवली, काही फरक नाही. — एक विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर: सरांना नमस्कार सांग, पण मेमरी वाढवून हे सुटणार नाही. सिग्नल ९ आला तर समजायचं बाहेरून कुणीतरी मारलं. ११ आला तर प्रोसेसनं स्वतःच नको त्या जागी पाय टाकला. तासगावकरांचा तो ९, तुझा हा ११.

तुझ्या लॅपटॉपनं उत्तर दिलेलंच आहे, तू ते वाचलं नाहीस. पीएचपी ८.३ पासून स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं याची नोंद राहते ती मेमरीतली जागा) कितपत भरलाय यावर पहारा आहे, आणि भरत आला की ते 'मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ' म्हणून एरर देतं, शेवटी 'इन्फिनिट रिकर्जन?', म्हणजे स्वतःलाच अखंड बोलावतोयस का, असं विचारतंसुद्धा. कॉलेजच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती असणार. तिथे पहारा नाही, त्यामुळे प्रोसेस थेट कड्यावरून खाली. लिनक्सवर स्टॅकला बहुधा ८ एमबीच मिळतात, आणि मेमरी लिमिटशी त्यांचा काही संबंध नसतो. म्हणूनच वाढवून फरक पडला नाही.

तू पाठवलेला कोड बघितला. शाखेचं पूर्ण नाव काढायला तू 'टूस्ट्रिंग' ही जादूची मेथड लिहिलीस, ती पालक शाखेचं नाव काढायला पालकाची तीच मेथड बोलावते, तो त्याच्या पालकाची. कल्पना सुरेख आहे. साधं फंक्शन स्वतःला बोलावत राहिलं असतं तर पीएचपी ७ नंतर ते मेमरी लिमिटला जाऊन आदळलं असतं आणि तुला सभ्य मृत्यू मिळाला असता. जादूच्या मेथड मात्र आतून सीच्या, म्हणजे पीएचपी ज्या भाषेत लिहिलंय तिच्या, स्टॅकवर चढत जातात. आता टेबल उघड आणि त्या एका शाखेची पालक शाखा कोण, ते बघ. मी पैजेवर सांगते, ती शाखा स्वतःचीच आई असेल, नाहीतर दोन शाखा एकमेकींच्या आया असतील. फॉर्म भरताना कुणीतरी ड्रॉपडाउनमध्ये चुकीची ओळ निवडली.

माहिती दुरुस्त कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. वर चढताना भेटलेल्या शाखांचे आयडी एका यादीत ठेव, तोच आयडी पुन्हा दिसला की थांब. सेव्ह करतानाच अशी नोंद नाकारलीस तर आणखी चांगलं.

असं काही न सापडता ११ येत असेल तर मग जीडीबी हे मेलेल्या प्रोग्रामचं शवविच्छेदन करणारं हत्यार बाहेर काढायचं. कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) चालू कर, मरू दे, आणि बॅकट्रेस, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं याची यादी, बघ. तीच तीन-चार नावं हजारो वेळा आली तर हाच रोग. सगळ्यांत वरचं नाव कुठल्यातरी एक्स्टेन्शनच्या फाइलीचं निघालं तर ते एक्स्टेन्शन बंद करून बघ. जेआयटी (कोडचं चालता चालता यंत्रभाषेत भाषांतर करणारी सोय) चालू असेल तर तेही एकदा बंद करून पाहायचं. ही मंडळी निर्दोष निघतात बहुतेक वेळा, पण चौकशी करायला काय जातं.

प्रश्न: जतहून लिहितो. शेतकऱ्यांना हवामानाचे मेसेज पाठवणारी एक पीएचपी स्क्रिप्ट रात्रंदिवस चालू असते. सुरुवातीला ३० एमबी घेते, संध्याकाळपर्यंत ४०० होते आणि मरते. रोज रात्री ती हातानं परत चालू करतो. — एक वाचक

उत्तर: रॅसमस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये पीएचपी सुरू केलं ते स्वतःच्या वेबपानासाठी. एक मागणी आली, पान दिलं, सगळं पुसून टाकलं, हा त्याचा मूळ स्वभाव. त्यामुळे वेबवर जी गळती कुणाला कळतही नाही ती तुमच्या स्क्रिप्टमध्ये दिवसभर साचत जाते.

लूपच्या आत कुठला अॅरे नुसता वाढतोय ते शोधा. नव्वद टक्के तो 'पाठवलेले मेसेज' नावाचा असतो, किंवा फ्रेमवर्क प्रत्येक क्वेरीची नोंद ठेवत असतं ती. दर शंभर मेसेजांनंतर 'मेमरी गेट युसेज'चा आकडा लॉगात लिहा. कुठल्या कामानंतर तो खाली येत नाही हे दोन दिवसांत दिसेल. तोवर स्क्रिप्टनं हजार मेसेज पाठवले की स्वतःहून बाहेर पडावं आणि सिस्टिमडीनं, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकानं, ती लगेच पुन्हा उठवावी, 'रिस्टार्ट ऑलवेज' एवढी एक ओळ लिहिली की झालं. एफपीएममध्ये 'मॅक्स रिक्वेस्ट्स' नावाची हीच सोय आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तुमची रात्रीची झोप वाचेल.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिणाऱ्यांनी लॉगातल्या शेवटच्या वीस ओळी आणि बटण कितीदा दाबलं तो आकडा, दोन्ही जोडावं.